वीस नावांची वही: इंडक्शनला व्हॉलंटिअर होणाऱ्या सेकंड इयरच्या मुलामुलींसाठी

मला कॅपच्या (राज्याच्या सामाईक प्रवेश प्रक्रियेच्या) शेवटच्या राउंडला पुण्यात ॲडमिशन मिळाली. जालना जिल्ह्यातल्या मंठ्याहून एसटीने निघाले, सामान रूमवर टाकलं आणि कॉलेजात पोचले, तेव्हा इंडक्शन, म्हणजे नव्या मुलांना कॉलेजची ओळख करून द्यायचा कार्यक्रम, संपून चार दिवस झाले होते. वर्गात सगळ्यांच्या जोड्या जमलेल्या. प्रॅक्टिकलसाठी वर्गाच्या ए-१, ए-२, ए-३ अशा बॅचेस पाडतात, हे बाकीच्यांना सांगून झालं होतं. मला कुणी सांगितलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही. पुढच्या बाकावरची मुलगी ज्या लॅबमध्ये शिरली, तिच्या मागोमाग मीही शिरले. असे दोन आठवडे मी भलत्याच बॅचमध्ये बसत होते आणि माझ्या खऱ्या बॅचच्या शीटवर माझी गैरहजेरी लागत होती. फाईलवर सही घ्यायला गेले तेव्हा हे उघडकीला आलं. त्या दिवशी जिन्यात बसून मी पोटभर रडले.

पुढच्या वर्षी व्हॉलंटिअरचा फॉर्म भरला तो या एका गोष्टीमुळे. त्यानंतर सलग तीन वर्षं इंडक्शनला उभी राहिले. आता कॉलेज सुटायची वेळ आली आहे, म्हणून जे हाताला लागलं ते लिहून ठेवते. माझा अनुभव पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजचा आहे. आर्ट्स, सायन्स, कॉमर्सला कामाचे दिवस कमी-जास्त होतील, पण मुलं तीच असतात.

आधी तुमची स्वतःची व्यवस्था

एआयसीटीई म्हणजे तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद. तिच्या आराखड्यात इंडक्शन तीन आठवड्यांचं आहे आणि नव्या मुलांचे साधारण विशीचे गट करून प्रत्येक गटाला एक शिक्षक द्यायचा, असं त्यात सांगितलंय. यूजीसीनेही (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ नावाने सगळ्या कॉलेजांसाठी असाच आराखडा काढला. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी हे आठवडा-दहा दिवसांत उरकतं. तुम्ही म्हणजे त्या शिक्षकाच्या आणि वीस मुलांच्या मधला दुवा.

व्हॉलंटिअर निवडीची नोटीस बहुधा परीक्षेच्या धामधुमीत लागते, त्यामुळे नजरेतून सुटते. फर्स्ट इयरच्या को-ऑर्डिनेटर सरांना किंवा मॅडमना आधीच जाऊन भेटा. मुलाखतीत फाडफाड इंग्रजी बोलता येतं का, याची उगाच धास्ती घेऊ नका. मला विचारलं होतं, ‘तू काय करशील?’ मी सांगितलं, ‘उशिरा आलेल्या मुलांची यादी मी सांभाळीन.’ ते काम मागणारं दुसरं कुणी नव्हतं.

दोन गोष्टी मात्र होकार देण्याआधी तपासा. बॅकलॉगचा पेपर त्याच दिवसांत येतोय का? येत असेल तर या वर्षी राहू द्या, पुढच्या वर्षी करा. दुसरं, तुमची स्वतःची लेक्चर्स तोवर सुरू झालेली असतात. हजेरीसाठीचं पत्र सहीशिक्क्यासकट पहिल्याच दिवशी हातात घ्या आणि त्याची झेरॉक्स आपल्या क्लास टीचरना द्या. ‘नंतर बघू’ म्हटलेली हजेरी नंतर कुणी बघत नाही.

गेटवरचा दिवस

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा दिवस हाच. भाषणं होतात, फुगे लागतात, ते सगळं चांगलंच असतं. पण घरची माणसं मुलाला सोडून परत निघतात ती याच दिवशी, आणि त्या काही तासांत तुम्ही जे करता ते पुढे महिनोन्महिने लक्षात राहतं.

पहिल्या वर्षीचं एक सांगते. ऑगस्टचा पाऊस होता. एक काका मुलीला घेऊन आले. हातात पत्र्याची पेटी, आणि ओरिजिनल कागदांची प्लॅस्टिकची पिशवी शर्टाच्या आत छातीशी धरलेली. ते स्वतः भिजले होते, पिशवी कोरडी होती. मी ठरल्याप्रमाणे ‘वेलकम’ म्हटलं, फोल्डर दिलं आणि ऑडिटोरियमकडे बोट दाखवलं. ते जागचे हलले नाहीत. म्हणाले, ‘ताई, रात्री-बेरात्री हिला काही दुखलं-खुपलं, तर सांगावं कुणाला?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. होस्टेलच्या रेक्टर मॅडमचा नंबर मला माहीत नव्हता. मी शोधाशोध करून अर्ध्या तासाने चिठ्ठीवर लिहून दिला, तेव्हा त्यांनी ती चिठ्ठी त्याच पिशवीत ठेवली आणि मगच मुलीला म्हणाले, ‘जा आता.’

तेव्हापासून मी एक कागद आधीच तयार ठेवते. त्यावर मराठीत, मोठ्या अक्षरात: रेक्टरचा नंबर, गटाच्या शिक्षकांचा नंबर, कॉलेजजवळचा दवाखाना, रात्री गेट किती वाजता बंद होतं, आणि परतीच्या गाड्या कुठून सुटतात. हे शेवटचं आवर्जून लिहा. आमच्याकडचे बरेच पालक अजून ‘शिवाजीनगर स्टँड’ म्हणतात, पण मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस ते स्टँड वाकडेवाडीला हलवलं. संभाजीनगर-जालन्याकडे जाणारा माणूस रिक्षाने भलतीकडेच उतरला, की पाऊस, सामान आणि पोर सोडून निघालेलं मन, सगळं एकदमच अंगावर येतं.

पालकांना आधी बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी द्या, फोल्डर नंतर. आयांना बाथरूम कुठे आहे ते न विचारता सांगा. रात्रभर प्रवास करून आलेली बाई परक्या मुलांच्या घोळक्यात ते विचारत नाही. ‘अंकल-आंटी’पेक्षा काका-काकू म्हणा. आणि शक्यतो मुलाच्या देखत आई-बापांना ‘काळजी करू नका’ एवढंच म्हणून वाटेला लावू नका. ती काळजी काय आहे ते ऐकून घ्या. नव्वद टक्के वेळा प्रश्न राहण्याचा, जेवणाचा किंवा कागदांचा असतो, आणि त्याला उत्तर असतं.

वही

मोबाईलमध्ये नको, साधी शंभर पानी वही घ्या. प्रत्येक मुलाला एक पान. नाव, त्याला काय म्हणून हाक मारलेली आवडते, गाव, ब्रँच, प्रॅक्टिकलची बॅच, होस्टेल की कॉट बेसिसवर (खाटेपुरतं भाडं देऊन) रूम, जेवण कुठे, घरचा एक नंबर. खाली जागा मोकळी सोडा. वही इतर कुणाच्या हाती देऊ नका.

पहिल्या संध्याकाळी घरी बसून ती वीस नावं पाठ करा. दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये नावाने हाक मारलीत, की मूल दचकून वळून बघतं आणि मग हसतं. ही गोष्ट मी प्रत्येक वर्षी पाहिली.

त्याच वहीच्या मागच्या पानावर उशिरा येणाऱ्यांची यादी ठेवा. कॅपचे राउंड चालू असतात, बेटरमेंटला (आणखी वरच्या पसंतीच्या जागेसाठी) गेलेली मुलं जागा बदलतात, शेवटी इन्स्टिट्यूट लेव्हलच्या जागा भरतात. म्हणजे इंडक्शन सुरू झाल्यावरही मुलं येतच राहतात. ॲडमिशनच्या खिडकीवरच्या क्लार्क दादांना रोज दुपारी विचारा, ‘आज आपल्या ब्रँचला नवीन कोण?’ जे आले त्यांना शोधून अर्धा तास द्या: बॅच, टाइमटेबल, कुठल्या ग्रुपवर नोटीस येते, ड्रॉइंगला कुठली शीट लागते, वर्कशॉपला खाकी कधी घालायची. मग वर्गात नेऊन कुणाच्या तरी शेजारी बसवा. नुसतं ‘वर्ग तो’ म्हणून दार दाखवू नका, सोबत जा. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला येणाऱ्यांचं तर इंडक्शन कुणी करतच नाही. ते तुमच्याच वर्गात येतात, तेव्हा त्यांचंही तुम्हीच बघा.

काय विचारायचं, काय नाही

ओळख करून घेताना सीईटीचे पर्सेंटाइल विचारू नका. कुठल्या राउंडला, कुठल्या कॅटेगरीतून, हे तर कधीच विचारू नका, आणि दुसऱ्याने विचारलं तर तिथल्या तिथे थांबवा. आडनाव ऐकून ‘म्हणजे तुम्ही कोण?’ असं खोदणारी मुलं असतात. तुमच्या गटात ते चालत नाही, हे पहिल्या तासाला कळलं पाहिजे. मूल पहिल्याच दिवशी कुठल्या खणात टाकलं गेलं, की त्यातून बाहेर यायला त्याला वर्षं लागतात.

मी एकच प्रश्न विचारते: ‘घरापासून इथवर यायला किती गाड्या बदलल्या?’ एका वर्षी धारणीचा मुलगा होता. जीपने परतवाडा, तिथून एसटीने अमरावती, मग बडनेऱ्याहून रेल्वे, पुणे स्टेशनहून पीएमटी. तो बोटं मोजत सांगत होता आणि कोथरूडची मुलगी, जी एका बसने आली होती, तोंडाचा आ करून ऐकत होती. तिने विचारलं, ‘जीप कशी असते, किती जण बसतात?’ त्याने सांगितलं, ‘मावतील तितके.’ सगळे हसले, तोही हसला. त्यानंतर मला फारसं काही करावं लागलं नाही.

कॉलेज फिरवताना मोठ्या इमारती पाच मिनिटांत आटपा. वेळ द्यायचा तो इथे: स्टुडंट सेक्शनची खिडकी आणि तिची जेवणाची सुट्टी, बोनाफाईडचा अर्ज कुठे मिळतो, पिण्याच्या पाण्याचा चालू असलेला नळ, मुलींचं बाथरूम, लायब्ररीत पुस्तक इश्यू करायचं काउंटर, आणि ती झेरॉक्सची टपरी जिथे सबमिशनच्या आधी रांग लागते. प्रत्येक मुलाला खिडकीवर एकदा स्वतः बोलायला लावा. साधा प्रश्न विचारू दे, पण त्याने विचारावा. पुढच्या वेळी तो घाबरत नाही.

एक भाषेची गोष्ट. मराठी माध्यमातून आलेलं मूल पहिल्या आठवड्यात इंग्रजीने गप्प होतं. त्याला सांगा की शंका मराठीत विचारली तर आमचे शिक्षक मराठीत उत्तर देतात, आणि तसं खरंच होतं ते दाखवा. एआयसीटीईने पहिल्या वर्षाची पुस्तकं मराठीतही काढली आहेत आणि ती ई-कुंभ पोर्टलवर फुकट मिळतात. एक धडा मराठीत वाचून मग इंग्रजी पुस्तक उघडलं, की तोच धडा ओळखीचा वाटतो. मी स्वतः मुलींना असं शिकताना पाहिलंय.

रॅगिंगबद्दल, स्पष्टच

यूजीसीचे रॅगिंगविरोधी नियम २००९ चे आहेत. महाराष्ट्राचा कायदा त्याच्याही आधीचा, १९९९ चा. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. नियमांत लिहिलंय, की विद्यार्थ्याने एरवी केली नसती अशी गोष्ट करायला लावून त्याला लाज आणणं, हेही रॅगिंग. म्हणजे ‘इंट्रो दे’, ‘गाणं म्हण’, ‘मॅडमना प्रपोज करून दाखव’ यातलं जे जे तुम्हाला गंमत वाटतं, ते त्याच्या जिवावर येऊ शकतं. तुमच्या गटातल्या प्रत्येक खेळात ‘मला नको’ म्हणायची मोकळीक ठेवा आणि नको म्हणणाऱ्याला कारण विचारू नका. हेल्पलाइनचा नंबर १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालतो. तो फळ्यावर लिहा, वहीत लिहून घ्यायला लावा. तुमच्याच मित्राचं नाव तक्रारीत आलं, तरी तुम्ही त्या नव्या मुलाच्या बाजूने उभे राहायचं. नाहीतर हे काम घेऊ नका.

आणखी काही गोष्टी करायच्या नाहीत त्या पटकन सांगते. रूम एजंटकडून एक रुपयाही घेऊ नका, ते सीनियर्सना हमखास विचारतात. आपला जुना ड्राफ्टर-पुस्तकं इंडक्शनमध्ये विकू नका. मुलांना उसने पैसे देऊ-घेऊ नका. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मुलींचे नंबर सगळ्यांना दिसतात, म्हणून सूचना कम्युनिटीच्या अनाउन्समेंटमध्ये टाका, तिथे सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. आणि मेसचे महिन्याचे पैसे पहिल्याच दिवशी भरू नका, चार दिवस कूपनवर जेवून बघा, हे प्रत्येकाला सांगा.

महाडीबीटी आणि ओटीपी

शिष्यवृत्तीचं काम तुमचं नाही असं कुणी म्हणेल. माझ्या मते ते तुमचंच आहे, कारण पैशापायी सुटणारी मुलं मी पाहिली आहेत आणि बहुतेक वेळा अडलेलं असतं ते एका कागदावर.

एक मुलगा सेलू तालुक्यातला. लॅबमध्ये माझ्या शेजारी बसून महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा, फॉर्म भरत होता. आधारला नंबर वडिलांचा. ओटीपी गेला त्यांच्या फोनवर. वडील कापसाला फवारणी करत होते, फोन बांधावर पिशवीत. त्याने तीनदा फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला, तर त्यांना मेसेज उघडता येईना. शेजारच्या शेतातल्या पोराला बोलावलं, त्याने आकडे वाचले, तोवर वेळ संपून गेली. मुलगा म्हणाला, ‘राहू दे ताई, पुढच्या वर्षी भरतो.’ आम्ही राहू दिलं नाही. संध्याकाळी सातला वडिलांनी घरी फोन हातात घेऊन बसायचं ठरवलं, शेजारचं पोर बाजूला, इकडे आम्ही दोघं. पाच मिनिटांत झालं.

तेव्हापासून मी इंडक्शनच्या दुसऱ्याच दिवशी गटाला चार गोष्टी विचारते. आधारला तुझाच मोबाईल नंबर आहे का? नसेल तर जवळच्या आधार केंद्रावर जाऊन बदलून घे. पैसे ज्या खात्यात यायला हवेत त्याच खात्याला आधार सीडिंग (सरकारी पैसे जमा होण्यासाठीची आधारची जोडणी) आहे का? बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं नाही, आणि सीडिंग एका वेळी एकाच खात्याला असतं. आधारच्या वेबसाइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ला बँकेचं नाव दिसतं, ते बघून घे. कुणाचे पैसे सिम घेताना उघडलेल्या विसरलेल्या खात्यात जाऊन पडलेले मी बघितलेत. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर चालू तारखेचे आहेत का? आणि जात पडताळणी पावतीवर ॲडमिशन घेतली असेल, तर मूळ प्रमाणपत्र द्यायची शेवटची तारीख कधी?

सगळ्या कागदांचे फोटो काढून स्वतःलाच मेल करायला लावा. ओरिजिनल गावी ट्रंकेत आणि मूल पुण्यात, हा प्रकार फार होतो. शिष्यवृत्तीचा अर्ज दर वर्षी नव्याने रिन्यू करावा लागतो, हेही सांगून ठेवा. आणि विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना तुमच्या कॉलेजात चालत असेल, तर तिची नोटीस कधी लागते ते वहीत आधीच लिहा. सांगताना आवाज खाली घेऊ नका, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

गप्प झालेलं मूल

इंडक्शननंतरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लक्ष ठेवायचं. लेक्चरला न येणं, दिवसभर झोपून राहणं, मेसला न जाणं, फोन न उचलणं. अशा वेळी समुपदेशकाचा आव आणू नका. सोबत चहाला न्या, आणि विचारायचं ते सरळ विचारा: ‘जेवतोयस ना? झोप लागते? जीव नकोसा वाटतो का कधी?’ हा शेवटचा प्रश्न विचारला म्हणून काही वाईट होत नाही. उत्तर ‘हो’ आलं, तर त्याला एकटं सोडू नका, त्याच वेळी गटाच्या शिक्षकांना आणि रेक्टरना कळवा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन आधी देऊन बसू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. मी एका मैत्रिणीच्या शेजारी बसून तो लावलेला आहे. तिनेच बोलायचं असतं, आपण फक्त शेजारी बसायचं.

गौरी-गणपती आणि दिवाळी

मुलं घरी जातात आणि काही परत येत नाहीत. घरी आईच्या हातचं जेवण, जुने मित्र, आणि इकडे पहिल्या टेस्टमध्ये पडलेले चार मार्क. तिथेच ठरतं. म्हणून निघण्याआधी प्रत्येकाला विचारा, परतीचं तिकीट काढलं का? दिवाळीचं एसटीचं आरक्षण लवकर भरतं, तेव्हा आठवण करायची ती सुट्टी लागायच्या कितीतरी आधी. निघताना एखादं छोटं काम गळ्यात घाला: ‘येताना आपल्या गटासाठी शेव-चकली आण’, ‘माझी ग्राफिक्सची शीट तुझ्याकडे राहू दे, परत देशील.’ परत यायला एक निमित्त होतं.

सुट्टी संपल्यावर पहिल्या सोमवारी सकाळी वही उघडायची आणि वीस जणांना एकच ओळ पाठवायची, ‘पोचलास का?’, ‘पोचलीस का?’ उत्तर आलं त्या नावापुढे खूण. संध्याकाळी ज्यांच्या पुढे खूण नाही, त्यांना फोन. फोन लागला नाही, तर त्या पानावर घरचा नंबर आहेच. काकांनी उचलला तर आधी राम राम म्हणा, आणि मग विचारा, पोरगं निघालंय का.